सांजेला हललेली हद्द

केवळाबाईंच्या गच्चीवर पांढऱ्या घुमटासारखा एक अँटेना होता. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करणाऱ्या मृण्मयीनं तो दीड वर्षापूर्वी बसवला होता. सूर्य खवळला की आभाळाच्या फार उंच थरात काहीबाही घडतं. दिवस मावळल्यावर तिथं बुडबुडे उठतात आणि त्यांतून खाली येणारे उपग्रहांचे संदेश, वाहत्या पाण्यातून दिसणाऱ्या खड्यांसारखे थरथरतात. ती थरथर टिपायला ती दर पंधरा दिवसांनी नांदेडहून अहमदपूरला आणि तिथून टमटमनं या गावात यायची.

मार्चमधल्या त्या दुपारी केवळाबाई दारात हरभरा पाखडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, पण नेहमीसारखं हसल्या नाहीत.

"मावशी, बरं नाही का?"

"मला काय झालंय?" सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "शेषेरावभावजी बोलंना गेलेत, माय. चार दिस झाले."

शेषेराव त्यांचे चुलत दीर. दोघांची रानं शेजारी, मध्ये बांध, बांधावर चिंच. केवळाबाईंचे मालक गेल्यापासून वीस वर्षं त्यांचं रानही शेषेरावच बघत आले होते. आता ठिबकची पाइपलाइन टाकायची म्हणून खासगी मोजणीवाला बोलावला, तर त्याच्या यंत्रानं हद्द चिंचेच्या पलीकडे, दोन हात शेषेरावांच्या रानात दाखवली आणि तिथं हद्दीचा नवा दगड रोवला.

"मग भांडण झालं?"

"न्हाई वो. ते म्हणले, म्हंजे वीस वर्सं मी तुझं रान खाल्लं. म्या म्हणलं, कोण म्हणतंय तसं? तर म्हणले, दगडच बोलून राहिलाय. तवापासून आमच्या वाटंनंच येत न्हाईत."

मृण्मयीनं विचारलं, "मोजणी किती वाजता झाली?"

"दिस बुडला हुता. शेवटचे दगड मोबाइलच्या उजेडात रोवले."

ती दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेली. अँटेनाखालच्या पेटीतली नोंद लॅपटॉपवर उघडली. त्या सांजेला सव्वासात वाजेपर्यंत रेघा संथ होत्या. मग एकाएकी त्या उसळल्या होत्या. गावावरून, चिंचेवरून, मोबाइलच्या उजेडात वाकलेल्या माणसांवरून एक अदृश्य पूर वाहत गेला होता आणि खाली कुणाच्या केसालाही वारा लागला नव्हता. मोजणीचं यंत्र त्याच संदेशांवर चालतं, ते थरथरले की त्याची जागाही चुकते. असाच पुरावा ती दीड वर्ष शोधत होती. तिला इतका आनंद झाला की क्षणभर ती केवळाबाईंना विसरलीच, आणि मग तिला त्याची लाज वाटली.

खाली येऊन तिनं सगळं सांगितलं. "माझी चूकही होत असेल, मावशी. पण पुन्हा मोजलं तर चिंच तुमच्याकडून जाऊ शकते."

केवळाबाईंनी पदरानं हात पुसले. "चल, भावजींकडं जाऊ."

शेषेराव हौदाजवळ बसले होते. वहिनीला पाहून उठले, पण मान फिरवली. मृण्मयी बोलत राहिली, तसे ते हळूहळू वर बघायला लागले. वर निळं, कोरडं, साधं आभाळ होतं.

"आता बी हलून राहिलंय का ते?"

"आत्ता नाही. दिवस मावळल्यावर."

"आन् येवढं हलूनबी कुणाला कळंना?"

"कुणालाच नाही, काका. मोजणीच्या यंत्रालासुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोजणीवाला आला. मागच्या वेळीही यंत्र सगळं बरोबरच दाखवत होतं, असं म्हणत तो कुरकुरला. तरी त्यानं तासाच्या अंतरानं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा रेघ जुन्या बांधावर आली. चिंचेचा बुंधा वीतभर शेषेरावांच्या बाजूला पडला.

शेषेरावांनी नवा दगड स्वतः उपटला, बाजूला टाकला आणि ढेकळांतच बसून राहिले. डोळे टॉवेलात लपवले. मग म्हणाले, "वैनी, पाणी दे."

केवळाबाईंनी तांब्या पुढं केला. "चिंच तुमची हाय म्हणून सांगून ठेवते. फोडायला आमीच येऊ."

संध्याकाळी शेषेराव आपण होऊन गच्चीवर आले. मृण्मयीनं लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. पश्चिमेची लाली विझली, गोठ्यांतून धूर वर चढला. सात वाजून गेल्यावर पडद्यावरच्या रेघा आधी कापल्या, मग नाचू लागल्या.

"आवाज न्हाई का याला?"

"नाही."

शेषेरावांनी पडद्यावर बोट ठेवलं, जनावराच्या कपाळावर ठेवावं तसं. केवळाबाई आभाळाकडं बघत होत्या. एकेक चांदणी उगवत होती, आपापल्या जागी, अगदी स्थिर. खालून केवळाबाईंची सून जेवायला हाका मारत होती. तिघांपैकी कोणीच उठलं नाही.