मेंढरांची बारी

सत्काराचं पत्र आलं तेव्हा मी लेंड्या गोळा करत होते. पोस्टमनने ते बांधावर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं, मला वाचता येत असूनही. 'द्वेषाला नकार देऊन दोन वस्त्या जोडणारी युवती' म्हणून वसमतच्या एका युवक मंडळाने मला निवडलं होतं. कार्यक्रम जानेवारी २००३ मध्ये. मी पत्र कमरेला खोचलं आणि राहिलेल्या लेंड्या पाटीत भरल्या.

आनंद झाला का, असं पुष्कळांनी विचारलं. नाही झाला. वाईटही वाटलं नाही. गेली तीन वर्षं मला कशाचंच काही वाटत नव्हतं. माझी आई, चंद्रभागाबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पोरगी वाळल्या लाकडावाणी झाली." ती खोटं सांगत नव्हती.

घडलं ते असं. आमची धनगरांची वस्ती जवळा बाजारपासून दोन कोसांवर, आणि वस्तीला लागून बंजाऱ्यांचा तांडा. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की आमची मेंढरं रोज एकाच्या शेतात रात्रभर बसवायची. त्याच्या शेताला खत होतं, आम्हाला ज्वारी मिळते. ज्याने आधी सांगितलं त्याची बारी आधी; त्या रांगेत गावातलेही असत आणि तांड्यावरचेही. कोणाची बारी कधी, हे माझा थोरला भाऊ शिवहार सांभाळायचा. काठीला बांधलेल्या सुतळीला तो गाठी मारून ठेवायचा. त्याची बारी कधी चुकली नाही, आणि हे तो दिवसातून दोनदा ऐकवायचा. मला म्हणायचा, "सत्ये, तुला वार बी कळत न्हाईत. तुझ्या हाती मेंढरं दिली तर औंढ्याला पोचतील."

२००० सालच्या मे महिन्यात आमची दोन कोकरं हरवली. तांड्यावाल्यांनी कापून खाल्ली अशी आवई उठली. कोणी उठवली कोण जाणे, पण खरी मानायला सगळे तयारच बसले होते. नाल्याजवळ बाचाबाची झाली, मग दोन्हीकडून दगड सुरू झाले. सोडवायला गेलेल्या शिवहारच्या कानशिलावर एक बसला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. तो दगड कोणाचा, हे पोलिसांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

कोकरं दुसऱ्या दिवशी आमच्याच वस्तीमागे बोरीच्या काट्यांत अडकलेली सापडली, जिवंत. मला वाटलं होतं आता माणसं खाली मान घालतील. तसं झालं नाही. लाज वाटली की माणसं जास्तच चिडतात.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली आणि वस्तीतल्या पुरुषांनी ठरवलं, अंधार पडला की तांड्यावरच्या देवलाच्या कडब्याच्या गंजी पेटवायच्या. देवलाचं शेत तांड्याला अगदी चिकटून. वारा फिरला असता तर तांडाच उरला नसता. मी तिथेच भांडी घासत होते. सगळं ऐकलं. ऐकून मला काहीही वाटलं नाही, हे आज कबूल करते.

मेंढरं दोन दिवस मेंढवाड्यात कोंडलेली होती आणि ओरडत होती. दिवस कलला तशी मी शिवहारची काठी घेतली आणि वाडा उघडला. आज देवलाकाकाची बारी, एवढंच डोक्यात होतं. मी मेंढरं तिकडे वळवली. देवलाकाका बायकोबरोबर धुऱ्यावर उभे होते. माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी कुंपणाच्या काट्या बाजूला केल्या.

चार घरांची दीडशे मेंढरं गंजींना टेकून बसल्यावर आमच्यातला कोण तिथे आग लावणार? माझे वडील, मसाजी, शिव्या देत आले आणि मेंढरांपाशी बसून राहिले. मागून बाकीचे आले. उजाडल्यावर देवलाकाकाच्या बायकोने, रूपाबाईने, चहा आणला. बाबांनी घेतला नाही. पुढच्या खेपेला घेतला.

झालं ते एवढंच. पण लोकांच्या तोंडी ते भलतंच होऊन बसलं. भाऊ गेला तरी बहिणीने माफ केलं, पदर पसरून दोन वस्त्यांच्या मध्ये उभी राहिली. माझा पदर त्या दिवशी राखेने मळलेला होता, पसरायचं मला सुचलंही नव्हतं.

वसमतच्या सभागृहात डावीकडे आमची वस्ती, उजवीकडे तांडा, मध्ये रिकाम्या खुर्च्या. मंडळाच्या सरांनी माझं भाषण लिहून आणलं होतं. त्यात तीन ठिकाणी 'मी माफ केलं' होतं.

"एवढं वाच बाई," ते हळूच म्हणाले. "दोन्हीकडचे पहिल्यांदा एका छताखाली आलेत. तू उलटसुलट बोललीस तर सगळं पुन्हा पेटेल."

त्यांची भीती खरी होती. पण मी माफ केलेलं नव्हतं, आणि शिवहारच्या नावाने खोटं बोलणं मला जमणार नव्हतं. मी कागद घडी घालून ठेवला आणि माईकसमोर उभी राहिले.

"मी कुणाला माफ केलं न्हाई. कुणाला करायचं तेबी म्हाईत न्हाई. त्या दिवशी देवलाकाकाची बारी व्हती. शिवहारनं शबूद दिल्ता. म्हणून गेले."

उजवीकडे रूपाबाईने मान खाली घातली. मग सर घाईघाईने माईकपाशी आले आणि म्हणाले, "केवढी ही नम्रता." टाळ्या पडल्या. मला शाल, नारळ आणि काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. हसायला यावं असंच होतं ते, पण हसूही आलं नाही.

एसटी स्टँडवरही दोन्ही वस्त्या वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. देवलाकाका उठून माझ्याजवळ आले.

"एक बोलायचं व्हतं, पोरी. तीन साल पोटात ठेवलं."

"बोला."

"त्या दिवशी माझी बारी नव्हती. किशनरावाची व्हती, नाल्यापल्याड. माझी चार दिसांनी. शिवहारनं माझ्यासमोर गाठ मारलती."

किशनरावांचं शेत तिथून अर्धा कोस लांब. मेंढरं तिकडे गेली असती तर गंजीपाशी कोणीच नसतं.

"मंग कुंपण काहून उघडलं?"

"गंजीचं तर आमाला मागून कळलं. म्या सांगनारच व्हतो तुला, बारी चुकली म्हणून. रूपानं हात धरला माझा. म्हणली, पोरगी भावाचं काम करून राहिली, आज तिला चुकली म्हणू नका."

मी बोटांवर वार मोजायला लागले. शिवहार गुरुवारी गेला. मग शुक्रवार, मग शनिवार. शनिवार किशनरावांचा. गाठी मारलेली काठी त्या दिवशी माझ्याच हातात होती, आणि मी सुतळीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

सत्ये, तुला वार बी कळत न्हाईत.

इतकं स्पष्ट कानाशी आलं की मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त आमची एसटी लागत होती. मी देवलाकाकाचा दंड धरला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रडले, सगळ्या स्टँडसमोर, गळा काढून. आई एका बाकावरून धावत आली, रूपाबाई दुसऱ्यावरून.

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. एसटी रिकामी निघून गेली, आमच्यातलं आणि तांड्यावरचं कोणीच चढलं नाही.