हेल्मेटचा जबडा

“तू तोंड उघडलं व्हतं का नव्हतं? तेवढं सांग,” पारूबाईनं विचारलं.

बद्रीनाथ मोटारसायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून तसाच थांबला. चौथ्या गल्लीच्या तोंडाशी आठ-दहा बायका जमल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध पारूबाईचं निळं पिंप आडवं पडलं होतं. आतून लख्ख घासलेलं, तळाशी थेंब नाही. त्या पिंपाचा आणि आपल्या तोंडाचा काय संबंध, हे त्याला काही केल्या उमगेना.

“कवा उघडलं, मावशी?”

“सकाळी. त्या लिंबाखाली. साऱ्या गल्लीनं बघितलं.”

बद्रीनाथ महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात लाइनमन होता. हर्सूलच्या अलीकडच्या सात गल्ल्यांचे व्हॉल्व्ह त्याच्याकडे. लांबलचक लोखंडी चावी मोटारसायकलला बांधून फिरायचं, ज्या गल्लीची पाळी असेल तिथला व्हॉल्व्ह फिरवायचा आणि तासाभरानं बंद करायचा, हे तो एकोणीस वर्षं करत होता. एवढ्या वर्षांत औरंगाबाद चहूकडे पसरलं. सात गल्ल्यांच्या मागं प्लॉटिंग पडलं, त्याच्या मागं चार-चार मजले उभे राहिले. पाणी मात्र होतं तेवढंच, आणि ओळीनं दोन वर्षं पावसानं दगा दिल्यावर तेही आटलं. दिवसाआड येणारा नळ आता सहाव्या दिवशी यायचा, तोही आला तर. बद्रीनाथचं गाव पैठणजवळ, अगदी धरणाच्या काठाला. तिथं टँकर चालू होता, पण हे सांगून कुणाला पटत नसे. धरणाकाठचा माणूस म्हटल्यावर पाणी याच्या घरचंच असणार, अशी सात गल्ल्यांची पक्की समजूत होती.

हेल्मेट यंदाचं. शहरात हेल्मेटसक्ती झाली, आणि पोलिसांपेक्षा कडक निघाली त्याची लेक मोनिका. ती घाटीत, सरकारी दवाखान्यात, नर्सिंगला होती. “पप्पा, वॉर्डात रोज एक तरी डोकं फुटलेला येतो. तुम्ही बोडक्यानं गाडीवर बसलात तर मी जेवणार नाही,” असं तिनं बजावलं, आणि पोरगी खरंच जेवणार नाही याची बद्रीनाथला खात्री होती. तिनं त्याच्याकडून शब्द घेतला आणि त्याला धरून औरंगपुऱ्यात नेलं.

तिथल्या दुकानदारानं एक वेगळंच हेल्मेट काढलं. हनुवटीजवळचं बटण दाबलं की पुढचा सगळा भाग कपाळावर जायचा.

“ये देखो चचा, जबडा उठता. चा पियो, बातां करो, चष्मा लगाओ, फिर खटाक से नीचे. कायकू बार-बार पूरा उतारना?”

“पण गाडी चालवताना जबडा खालीच हवा हं,” मोनिका म्हणाली. “वर ठेवून पडलात तर हनुवटी गेलीच.”

“बेटी सही बोल री,” दुकानदारानं लगेच मान हलवली. त्याला दोन्ही बाजू पटत होत्या.

बद्रीनाथचंही तेच झालं. चष्मा न काढता घालता येतं म्हटल्यावर त्याला ते फार सोयीचं वाटलं. घरी बायकोनं, आशाबाईनं, ते हातात तोलून पाहिलं. “आवो, केवढं जड हाय हे! तुमची मान आधीच धरती,” ती म्हणाली, तर तेही खरंच वाटलं. ऑफिसातला सोबती कारभारी बिजागरी हलवून म्हणाला, “एकसंध घ्यायचं राव. हे जोडाचं किती दिवस टिकायचं?” झालं, बद्रीनाथ रात्रभर त्या बिजागरीचा विचार करत पडला. ज्याचं ऐकावं त्याचं बरोबर, हा त्याचा जुना आजार. सात गल्ल्यांच्या तक्रारी ऐकतानाही त्याला सातही गल्ल्या बरोबर वाटायच्या.

वापरायला लागल्यावर गोंधळ वाढला. जबडा खाली घेतला की धूळ येत नसे, पण आत भट्टी पेटायची. वर केला की वारा लागायचा, पण मान मागं ओढली जायची आणि मोनिकाचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. एक फायदा मात्र त्यानं कुणालाच सांगितला नव्हता. जबडा खाली असला की त्याचा चेहरा लोकांना दिसत नसे. पाणी नसलं की “बद्रीभाऊ, कवा सोडता?” हा प्रश्न दारादारातून यायचा आणि त्याला उत्तर देता देता रडू यायचं. आता पाणी नसलेल्या दिवशी तो जबडा खाली घेऊन गल्लीतून सरळ निघून जाई. पाणी असलं की लिंबाखाली थांबून जबडा वर करी, घाम पुशी, आणि सगळ्यांशी बोलत हळूहळू व्हॉल्व्हकडे जाई. हे कुणाच्या ध्यानात आलं असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

“मावशी, सकाळी सायबाचा फोन आला व्हता,” तो म्हणाला. “फोन घ्यायला थांबलो.”

“फोन घ्यायला तोंड उघडावं लागतं?”

“लागतं. हेल्मेटच तसलं हाय.”

“आन् मान कशाला हलवत व्हता, व्हय व्हय करून?”

“सायेब सांगत व्हते, मोठी लाइन फुटली, दोन दिवस पाणी नाय. म्हनून व्हय म्हनलं.”

मग शेजारची चंपाबाई पुढं झाली.

“बद्रीभाऊ, पाणी नसलं की तुमी तोंड झाकून सुसाट जाता. असलं की उघडं ठिवून हळू येता. आमाला कळत नाय व्हय? दोन महिने झाले, तुमच्या तोंडाकडं बघूनच आमी भांडी घासतो.”

आता कुठं बद्रीनाथच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि हेल्मेटच्या आत कान तापले. नवं पाणी येणार म्हटलं की पिंपातलं शिळं पाणी ओतून द्यायचं, पिंप घासायचं आणि मग नळाखाली लावायचं, ही इथली रीत. शिळ्यात ताजं ओतणारी बाई गल्लीत आळशी ठरायची. दुष्काळात ओतणं कमी झालं होतं. तेच पाणी धुण्याला नाहीतर झाडांना जाई. पण पिंप रिकामं व्हायचंच. आज तर पाळीचाच दिवस. वर बद्रीनाथचं तोंड उघडं, मानही होकारार्थी हलतेय. इकडे तो पाणी नसल्याचं ऐकत होता आणि तिकडे त्याच्याकडे बघून गल्ली पिंपं रिकामी करत होती.

सगळ्यात जास्त नुकसान पारूबाईचं झालं होतं. नवऱ्यामागं एकटीनं सांभाळलेल्या नातीचा, उमाचा, उद्या साखरपुडा होता. म्हातारीनं सहा दिवस काटकसर करून राखलेल्या पाण्यानं अंगण धुतलं, पायऱ्या धुतल्या, उरल्यासुरल्यात पिंप घासलं. विकतच्या टँकरला चार दिवस नंबर लागत नव्हता.

“पाव्हणे दारात आल्यावर पाणी काय म्हनून देऊ रं?” पारूबाई म्हणाली. ती भांडली असती तर बद्रीनाथला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही, पिंप उचलून आत घेऊन गेली. बद्रीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोकं वाचवायला घेतलेल्या वस्तूनं आपण तोंड लपवत होतो, हे त्याचं त्यालाच आज कळलं, तेही चारचौघींसमोर.

तो तडक घरी गेला. आशाबाईला सगळं सांगितलं आणि न्हाणीतल्या टाकीकडे बघत उभा राहिला.

“आपली पाळी परवा हाय,” ती म्हणाली. “आन् लाइन फुटली म्हनता.”

“व्हय.”

आशाबाईनं टाकीत डोकावून पाहिलं. मग तिनं पाण्याचे दोन कॅन ओढले आणि तांब्यानं भरायला लागली. “मानसाच्या घरात साखरपुडा हाय,” एवढंच म्हणाली. “तीन खेपात व्हईल. हेल्मेट घाला, नाय तर पोरगी माझ्यावर वरडल.”

दोन्ही बाजूंना कॅन बांधून बद्रीनाथ चौथ्या गल्लीच्या तोंडाशी आला. आता लपायचं नाही, असं ठरवून त्यानं बटण दाबलं आणि जबडा वर केला.

“आलं गं, आलं! लाइन जोडली वाटतं, भाऊचं तोंड उघडं हाय!” चंपाबाई दारातून ओरडली. समोरच्या घरातल्या सुनेनं अर्धी घागर कलती केली.

“नाय! ओतू नका! पाणी नाय!” असं ओरडत बद्रीनाथनं घाईघाईनं जबडा खाली पाडला. खटका बसला आणि त्याचं पुढचं बोलणं आतल्या आतच घुमलं. बायका कानावर हात ठेवून “काय? काय म्हनता?” करायला लागल्या. त्यानं पुन्हा वर केला, तर सुनेनं पुन्हा घागर धरली. उघडावं तर पाणी आल्याचा अर्थ होतो, मिटावं तर आवाज पोचत नाही. भर रस्त्यात त्याला काय करावं ते सुचेना.

शेवटी त्यानं गाडी बंद केली. खाली उतरला, गळ्याखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. बोडक्यानं गाडी चालवायची नाही, हा लेकीला दिलेला शब्द होता. म्हणून दोन्ही हातांनी हँडल धरून तो कॅनसकट गाडी ढकलत निघाला.

पहिल्या दारापाशी थांबून तो म्हणाला, “ताई, आज पाणी नाय. उद्याबी नाय. मोठी लाइन फुटली.”

ती बाई त्याला वाट्टेल ते बोलली. तिचं बोलून होईपर्यंत तो उभा राहिला. मग पुढच्या दारी तेच सांगितलं. समोरच्या सुनेनं घागर सरळ करून आत नेली. एकानं दार लावून घेतलं. चंपाबाईनं कॅनकडे पाहिलं आणि मागून गाडीला हात लावला.

पारूबाईच्या धुतलेल्या अंगणात त्यानं कॅन उतरवले. म्हातारीनं ते बघितले, त्याच्या उघड्या डोक्याकडे बघितलं. पाणी कुठून आणलं, असं तिनं विचारलं नाही. आतून एक पेला आणून तिनं पहिल्या कॅनमधून काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढं धरला.

“नको मावशी. उद्याच्या पाव्हण्याला—”

“घे. उन्हातून आला तू.”

बद्रीनाथनं पेला घेतला. घामानं केस कपाळाला चिकटले होते, चष्मा नाकावर घसरला होता, आणि दारादारातून सारी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो सावकाश, एकही थेंब न सांडता प्यायला. मग कॅनमधलं पाणी पिंपात ओतलं, रिकामे कॅन गाडीला बांधले आणि गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाकडे निघाला. अजून दोन खेपा राहिल्या होत्या.