परकी कोळंबी

तिनं माशाचं पोट उघडलं. आत काही नव्हतं. तलाव केंद्रात रुजू झाल्यापासून ती असलीच रिकामी पोटं बघत होती, आणि कारण गावभर ठाऊक होतं. तिचे सासरे केंद्राचे प्रमुख असताना त्यांनी माशांना खाऊ म्हणून परदेशातली बारीक कोळंबी तलावात सोडली होती. पण ही बया दिवसभर तळाच्या अंधारात दडून बसायची, आणि मासे शिकार करतात उजेडात. सूर्य मावळला की ती वर यायची, पिल्लांच्या वाट्याचे पाणकिडे फस्त करायची. मासे धष्टपुष्ट व्हायचे सोडून नुसते काटेच उरले.

ती कोळंबी जाळ्यानं उपसायचं काम आता सुनेच्या गळ्यात पडलं होतं. कितीही उपसा, पाण्यात तेवढीच. कंटाळून तिनं शहरातल्या कार्यालयात बदली मागितली. नवरा आधीच त्या शहरात नोकरीला होता.

साहेबांनी तिला बोलावलं. "तुमची बदली रद्द झाली. सासऱ्यांचा फोन होता, तुम्ही विचार बदललाय म्हणाले. ती जागा मी कालच दुसऱ्याला दिली."

ती तडक घरी आली. सासरे खिडकीशी बसून नखं कापत होते.

"बाबा, मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणालेच असते."

"नवा माणूस चार दिवस कागद रंगवील आणि निघून जाईल. तू घरची आहेस. तुला तसं जाता येणार नाही."

"ती कोळंबी कधीच संपणार नाही, बाबा."

"माहीत आहे. पण कमी तर होईल."

ते तिच्याकडे न बघता बोलत होते. तिनं नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी बोलतो त्यांच्याशी." पण आवाज इतका पडलेला, की बोलणार नाही हे तिला कळून चुकलं.

तिन्हीसांजेला ती होडीकडे निघाली. स्वेटर घालून सासरे धक्क्यावर उभे होते, निरोप द्यायला आल्यासारखे.

"चढा," ती म्हणाली.

"मी?"

"जाळ्याचं दुसरं टोक धरायला माणूस नाही."

ते चढले. तलावाच्या मधोमध जाळं वर येऊ लागलं. जाळ्यात काचेसारखी कोळंबी खच्चून भरली होती, वळवळत होती. ते बघतच राहिले.

"ओढा, बाबा," ती म्हणाली, आणि आपलं टोक तिनं घट्ट धरलं.