रेडिओचा खोकला

बोलल्याशिवाय त्याला घास उतरत नसे, म्हणून अख्खं अभयारण्य त्याला रेडिओ म्हणायचं. आणि नेमकी त्याच्याच गळ्यात गव्याची पोरकी कालवड पडली. गावच्या गुरांचा रोग जंगलात शिरला, कळप निम्मा झाला, त्यात तिची आई गेली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रेडिओकाका, कुंपणात एक शब्द नाही. तिला माणूस आपला वाटला, तर कळपात सोडता येणार नाही. जन्मभर पिंजरा."

"तोंडाला कुलूप, मॅडम."

आठ महिने शेण फासलेला कोट घालून, तोंडाला फडकं बांधून त्याने तिला दूध पाजलं. हूं की चूं नाही. दिवसभराचं साचलेलं घरी बायकोवर ओतायचा. ती म्हणायची, "कालवड नशीबवान बाई!"

परीक्षेच्या सकाळी मिठाच्या दगडांपाशी कळप आला. फाटक उघडलं. ती माणसाकडे वळते का हे बघायला बाईंनी झुडपाआडून बादली वाजवली, हाका मारल्या. कालवड ढिम्म. मग कळपाकडे निघाली.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या रेडिओच्या घशात खवखवलं. बिडीचा जुना खोकला. त्याने फडकं तोंडात कोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. तरी निसटलाच.

कालवड गर्रकन वळली. दोन पावलं थेट झुडपाकडे. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज सकाळी फाटकाशी तो खोकायचा आणि ही धावत यायची.

त्याने मान खाली घातली. मनात एकच, 'जा गं बये, जा.'

कळपातली म्हातारी गवी जोरात फुसकारली. कालवड क्षणभर घुटमळली, आणि गेली. गव्यांच्या गर्दीत शिरून दिसेनाशी झाली.

"कुणाकडे वळली होती?" बाईंनी विचारलं.

'वाऱ्याने दचकली' असं ओठांवर आलं होतं. त्याने गिळलं. "माझ्याकडे. खोकला ओळखते माझा. बोलू नका म्हणालात, खोकल्याचं माझ्याही ध्यानात आलं नाही."

बाई कळपाकडे बघत राहिल्या. "गेली, हे बरं झालं. पण वर्षभर तुम्ही या बाजूला फिरकायचं नाही."

"वर्षभर?"

"ती टिकायला हवी ना, काका?"

त्याने कोट काढून कुंपणाला टांगला.

घरी तो गप्प बसला. बायकोने निरखून पाहिलं. "अहो, बॅटरी संपली की काय?"

"गेली ती. माझा खोकला ऐकून वळली, तरी गेली."

 बायको पाण्याचा पेला पुढे सरकवून शेजारी बसली. "खोका आता मोकळेपणाने."