गोल दाण्याची वाट

"आधी रिकामं चालव. पोटातलं कालचं सगळं बाहेर पडू दे, खडखड थांबू दे, मगच आजचा दाणा सोड. दाण्याला कसली घाई नसते, घाई आपल्याला असते."

थोरल्या जाऊबाईंचा हा आवाज धाकटीच्या कानात घर करून होता. रोज दिवा लावून, हात जोडून ती शेडचं दार उघडायची, तेव्हा तो हमखास ऐकू यायचा. त्या सकाळीही आला, पण जरा उशिराच. ती पाणी भरून परतली तर मशीन आधीच धडधडत होतं.

मशीनपाशी भाऊजी उभे होते, म्हणजे तिचे थोरले दीर. बाह्या दुमडलेल्या, भुवयांवर धूळ, आणि चेहऱ्यावर पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या पोराचा आनंद. आयुष्यात त्यांनी या मशीनला हात लावला नव्हता. ते दोघी जावांचं राज्य होतं. लोक पेरणीआधी आपलं बी घेऊन यायचे, या दोघी ते स्वच्छ करून, बारीक-मोठं निवडून द्यायच्या. थोरली गेल्यावर धाकटी एकटीच ते चालवत होती. तिचा नवरा ट्रकवर, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा.

"म्हटलं, तू येईपर्यंत तुझ्या जाऊबाईचं बी काढून ठेवावं," भाऊजी म्हणाले.

निवडलेला दाणा पडतो तिथं धाकटीनं पाहिलं. वाटाणा पडत होता, आणि त्याच्या जोडीनं हरभराही पडत होता. तिनं धावत जाऊन बटण बंद केलं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी शेजाऱ्याचा हरभरा काढताना मध्येच वीज गेली. हॉपर, म्हणजे मशीनच्या डोक्यावरचं पत्र्याचं टोपलं, हरभऱ्यानं भरलेलंच राहिलं. ते इतकं उंच की आत काय आहे ते शिडीवर चढल्याशिवाय दिसत नाही. भाऊजींनी हात उंचावून वाटाण्याचं पोतं थेट त्यात उलटं केलं होतं.

"चाळणी बदलून बघ की," ते हळूच म्हणाले.

तिनं बदलली. एक, दुसरी, तिसरी. पंखा कमी केला, वाढवला. पण या वाटाण्याचा दाणा लहान, नेमका त्या हरभऱ्याएवढा. चाळणीला दोघं सारखे, वाऱ्याला दोघं सारखे. जुळ्या भावांसारखे हातात हात घालून वरून येत आणि हातात हात घालूनच खाली पडत.

दुसरा कुठला वाटाणा असता तर तिनं कपाळावर हात मारून नवं बी आणलं असतं. पण हा थोरलीच्या आईकडून आलेला. दवाखान्यात थोरलीला बोलताना धाप लागायची, तरी तिनं धाकटीचा हात धरून सांगितलं होतं, की या पेरणीला हे बी माझ्या बहिणीच्या हातात पडलं पाहिजे. तिच्याकडचं किडीनं खाल्लं, आता जगात एवढंच उरलंय. धाकटीनं हो म्हटलं होतं, आणि बी पोचेपर्यंत अळणी जेवायचं असा नेम मनाशी धरला होता. कुणाला सांगितला नव्हता. एकदा चुकून ताटं बदलली, तेव्हा भाऊजींनी एक घास खाल्ला, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता ते ताट संपवलं होतं.

त्या दोघी बहिणी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्याचं कारण होतं भाऊजींची जीभ. तरुणपणी ते भारी थट्टेखोर. मेहुणीच्या घरी पाहुण्यांच्या घोळक्यात त्यांनी सुपातला एक वाटाणा उचलून भिंतीवर भिरकावला आणि म्हणाले, "हे वाटाणे आहेत की छर्रे? बंदुकीत भरा, पाखरं पडतील." सगळे हसले. मेहुणी हसली नाही. माझ्या आईच्या दाण्याला हसणाऱ्याचं पाऊल या घरात नको, म्हणाली. नवरा आणि बहीण यांच्यामध्ये थोरली गप्प झाली. तेवढं एक बी मात्र जात-येत राहिलं. एक वर्ष इकडून, एक वर्ष तिकडून, कुणा ना कुणा वाटसरूच्या हाती, निरोपाशिवाय. भाऊजींची थट्टा त्या दिवसापासून जी आटली ती आटलीच.

हरभऱ्याचा मालक दुपारी आला. त्यानं ढीग पाहिला, कमरेवर हात ठेवले.

"वहिनी, याचं मी काय करू? पेरू की शिजवू?"

वाफसा आला होता. जमिनीत पेरणीपुरती ओल होती, आणि जमीन कुणासाठी थांबत नाही. हातानं निवडायचं तर पेरणी टळून गेली असती. तरी तिघंही ताटं घेऊन बसले. मालक बडबडत होता, की लोक मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, इथं माझा हरभराच वाटाण्याच्या ढिगावर चढलाय. भाऊजी मान वर करत नव्हते. डोळ्यांना पाणी येऊन त्यांना दाणा धड दिसेना. ते उठले, आणि उठताना त्यांच्या ताटाला पाय लागला.

दारापाशी पोती चढवायला एक उतरती फळी होती. दाणे तिच्यावर सांडले.

"छर्रे," भाऊजी पुटपुटले. स्वतःलाच शिवी दिल्यासारखे.

धाकटीनं वर पाहिलं. फळीवरून वाटाणे खरोखरच बंदुकीतून सुटल्यासारखे पळत होते. उंबऱ्यावर आपटून काही तर पार अंगणात गेले. हरभरे मात्र चार कोलांट्या मारून फळीवरच बसले होते, आपल्या चोची टेकवून.

ती उठली. मग ओंजळभर मिश्रण उचलून फळीवर सोडलं. पुन्हा तेच. पुन्हा सोडलं.

"भाऊजी, चाळणीला कळत नाही, वाऱ्याला कळत नाही. पण उताराला कळतंय."

ती चप्पल न घालताच पत्रेवाल्याकडे गेली. एरवी खाली मान घालून हळू बोलणारी ही बाई दुकानात उभी राहून हवेत हातानं गोल गोल जिने काढत होती, ते पाहून पत्रेवाल्यानं हातोडी खाली ठेवली. मधे एक खांब, त्याला वेढे घेत उतरणारी पत्र्याची घसरगुंडी, आणि त्या घसरगुंडीच्या बाहेरच्या कडेनं आणखी एक पन्हळ. जो जोरात येईल तो वळणावर कडेवरून उडून बाहेरच्या पन्हळीत पडेल. जो रेंगाळेल तो खांबाला धरून आतल्या आत उतरेल.

"वहिनी, हे दाण्यांसाठी आहे की तुमच्या नातवंडांसाठी?"

"नातवंडं व्हायची आहेत अजून. आधी दाण्यांसाठी करा."

तो कात्री, पत्रा, रिव्हेटा घेऊन शेडमध्येच आला. शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. हरभऱ्याचा मालक घरी जायचं विसरून पत्र्याचं टोक धरून उभा राहिला आणि न विचारता सल्ले देऊ लागला.

पहिल्या वेळी उतार कमी पडला. हरभरे तर बसलेच, वाटाणेही त्यांच्याशी गप्पा मारत बसले. पत्रेवाल्यानं वेढे ताणले. दुसऱ्या वेळी इतका उतार झाला की दोघंही सुसाट सुटून बाहेर, एक दाणा तर पत्रेवाल्याच्या कानात. बायका खदखदून हसल्या. मालक म्हणाला, आता माझा हरभरा तुमच्या कानातून काढून द्या. धाकटी मात्र हसली नाही. ती खाली वाकून, गाल पत्र्याला लावून, दाणा नेमका कुठं उडतो ते बघत होती. वरचे दोन वेढे तसेच ठेवा, म्हणाली, खालचे थोडे सैल सोडा.

तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं आणि वरून बारीक धार सोडली.

आधी नुसती सळसळ झाली. मग पत्र्यावर टणटण सुरू झाली. वाटाणा पहिल्या वेढ्यात चालत होता, दुसऱ्यात पळत होता, तिसऱ्यात कड ओलांडून बाहेरच्या पन्हळीत उडी घेत होता. आणि आत, खांबाच्या कडेनं, हरभरे एकामागून एक म्हाताऱ्यांसारखे सावकाश उतरत होते. खाली दोन टोपल्या होत्या. एकीत राखाडी-हिरवं, दुसरीत तपकिरी.

मग एकदम सगळेच बोलू लागले. मालकानं टोपलीत हात घालून आपला हरभरा मुठीत धरला, नाकाशी नेला, जणू चोरीला गेलेली म्हैस गोठ्यात परत आली होती. पत्रेवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगत होता, की हे मी केलं, म्हणजे वहिनींनी सांगितलं, पण केलं मीच. ज्याला त्याला एक ओंजळ वरून सोडून बघायची होती. रांग लागली. संध्याकाळ व्हायच्या आत ढीग संपला तेव्हा लोक हिरमुसले.

भाऊजी एकटे बाहेरच्या पन्हळीपाशी उकिडवे बसले होते. शेवटच्या पडणाऱ्या वाटाण्यांखाली त्यांनी तळहात धरला होता.

"गोल होता म्हणून हसलो मी," ते म्हणाले. "गोल होता म्हणूनच वाचला."

धाकटीनं त्यांच्यापुढची वाटाण्याची टोपली पोत्यात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या गाडीनं निघायचं तिनं ठरवलं होतं. आंघोळ करून ती दिवा लावत होती, तोच शेडमधून मशीनचा आवाज आला. ती लगबगीनं गेली. हॉपरला शिडी लावलेली होती. खाली भाऊजी धुतलेल्या सदऱ्यात, ओले केस चापून बसवलेले, मशीन रिकामं चालवत होते. खडखड थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग बटण बंद केलं. बाहेर सायकलच्या कॅरियरला वाटाण्याचं पोतं घट्ट बांधलेलं होतं.

"मी जाणार होते, भाऊजी."

"तिनं मलाही सांगितलं होतं. तुम्हीच न्या, म्हणाली. मी खोकलो आणि विषय बदलला. म्हणून तुला सांगितलं असेल." त्यांनी पोत्याची गाठ उगाचच पुन्हा तपासली. "नंतर हो म्हटलं मी. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही."

"आणि जाऊबाईंच्या बहिणीनं दार लावून घेतलं तर?"

"उंबऱ्यावर ठेवीन. बी तर पोचेल."

मेहुणीचं गाव टेकडीपलीकडे, आणि पुढे लगेच चढ होता. ते सायकलवर बसले नाहीत. एक हात हँडलवर, दुसरा पोत्यावर, असे चालतच निघाले.

धाकटी स्वयंपाकघरात आली. मिठाची बरणी हातात घेतली, झाकण उघडलं, आणि पुन्हा लावून फळीवर ठेवली. अजून त्यांना टेकडी ओलांडायची होती.