नंबरकाकांचा व्यायामाचा शर्ट

नंबरकाका सत्तावीस वर्षं एकाच चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढत होते. दुकानाच्या मागच्या अंगाला बिनखिडकीची अंधारी खोली. तिच्यात एक खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, आणि गिऱ्हाइकाच्या नाकापासून वीतभर अंतरावर काकांचं नाक. हा धंदा लांबून करता येत नाही. भिंगं बदलायची, "आता बरं की मघाशी?" विचारायचं आणि समोरच्याचा श्वास गालावर घेत दिवस काढायचा. कोण काय जेवून आलंय हे काकांना विचारावं लागत नसे. आपलंही लोकांना काही कळत असेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पुढे रक्तातली साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज घाम गाळा.

"सत्तावीस वर्षं गाळतोच आहे," काका म्हणाले.

"तो पोटासाठीचा. मला पोटावरचा हवाय."

सकाळी अंग उचलवत नसे आणि दुकान बंद होईपर्यंत पायांचे खांब झालेले असत. उरली दुपारची सुट्टी. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर व्यायामशाळा होती. काका दीडला जिना चढत, फिरत्या पट्ट्यावर अर्धा तास कुठेही न पोचता चालत आणि दोनला खाली येत. वर दुपारचं पाणी नसे. कपडे बदलायला सगळ्यांत मिळून एकच खोली. आरशात दंडाच्या बेटकुळ्या न्याहाळणाऱ्या पोरांसमोर आपलं पोट उघडं करणं काकांच्या जिवावर येई. म्हणून ते टॉवेलनं मान पुसून ओल्या शर्टावरच दुकानाचा शर्ट चढवत आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन बसत.

हळूहळू गिऱ्हाइकं खुर्चीत मागे रेलू लागली. एक बाई तर शेवटची ओळ वाचा म्हटल्यावर "नाही दिसत, काहीच दिसत नाही" म्हणत उठून चालत्या झाल्या. त्यांना नंबर नव्हताच.

एका शनिवारी मालकांनी काकांना बाजूला घेतलं. मालक भिडस्त. आधी हवेवर बोलले, मग काकांच्या तब्येतीवर, मग पुन्हा हवेवर.

"काका, तुम्ही घरचे म्हणून बोलतो. आतल्या खोलीत वास येतो."

"कशाचा?"

"तुमचा."

काकांनी कॉलर नाकाशी नेऊन हुंगली.

"येता आठवडा देतो," मालक म्हणाले. "शर्ट बदला, काहीही करा. नाहीतर त्या पुढच्या सोमवारपासून तुम्ही कायमचे बाहेर फ्रेमा दाखवा, आत माझा मेव्हणा बसेल. तोवर आठवडाभर तो शिकायला म्हणून आत बसतोच आहे, तुम्ही बाहेर उभे राहा."

मेव्हण्याला गिऱ्हाइकाचा उजवा डोळा कोणता हे अजून स्वतःचा उजवा हात वर करून ठरवावं लागे.

काका घरी गेले आणि दारातच म्हणाले, "अगं, मला वास येतो का?"

काकूंनी त्यांच्या खांद्याला नाक लावलं. "छे! मला तर काही नाही येत. तुमच्या मालकांची थेरं."

रविवारी दोघं खेळाच्या कपड्यांच्या दुकानात गेले. तिथली मुलगी फार उत्साही होती. तिच्याकडे बघूनच काकांना दम लागला.

"काका, हा घ्या. या धाग्यात चांदी आहे. घामाचा वास धरतच नाही."

"तीस वर्षांत मला चांदीची अंगठी नाही," काकू म्हणाल्या, "आणि ह्यांच्या काखेत चांदी!"

"मग हा बारीक लोकरीचा? चार दिवस घातला तरी वास येत नाही."

"लोकर? म्हणजे घाम यायला ह्यांना पळायलाही नको."

मुलगी हसली. काका खुर्ची शोधत होते. शेवटी दोन्ही शर्ट घेतले, कारण निवड करण्याइतकं त्राण दोघांच्यातही नव्हतं. आठवडाभर आलटूनपालटून वापरून बघायचे आणि पुढच्या सोमवारी त्यातला बरा घालून जायचा, असं ठरलं.

आठवडाभर काका बाहेर फ्रेमा दाखवत उभे राहिले. एक दिवस लोकर, एक दिवस चांदी. काउंटरपलीकडून गिऱ्हाइकाला काही कळायची सोय नव्हती. स्वतःचा घाम तर माणसाला कधी कळतच नाही. परीक्षक एकट्या काकू. संध्याकाळी त्या शर्ट हुंगत, "छान" म्हणत आणि लगेच धुऊन टाकत. धुताना बाटलीतलं सुगंधी औषध सढळ हातानं ओतत. शनिवारी मालक काउंटरजवळून जाता जाता थबकले आणि म्हणाले, "काका, फुलांच्या दुकानात कुस्ती खेळून आल्यासारखं वाटतंय." कपडा चांदीचा होता.

रविवारी दुपारी काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांनी धुतलेले दोन्ही शर्ट एकापाठोपाठ एक त्यांच्या नाकापुढे धरले.

"हा बरा की हा?"

"दुसरा."

काकांनी पाठीमागे हात नेऊन शर्टांची अदलाबदल केली. "आता?"

"दुसरा."

काका थांबले. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. ज्याला दिसतं तो अडखळतो, डोळे बारीक करतो, "परत दाखवा" म्हणतो. ज्याला दिसत नाही आणि तसं सांगायचं नाही, तो पटकन उत्तर देतो आणि तक्त्याऐवजी काकांच्या तोंडाकडे बघतो.

ते उठले. व्यायामाच्या पिशवीच्या तळाशी आठ दिवस न धुता पडलेला जुना शर्ट त्यांनी काढला. तो हातभर अंतरावरून त्यांनाही कळला. त्यांनी तो काकूंच्या नाकाशी नेला.

"आणि हा?"

"हा तर उत्तम," काकू त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या.

काका खाली बसले.

"कधीपासून?"

काकूंनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली. "त्या तापानंतर. दीड वर्ष झालं असेल."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सकाळ-संध्याकाळ माझ्या नाकापुढे अत्तराच्या बाटल्या धरून बसला असता. आणि तुम्ही यायचे दमून. घरात एका वेळी एक दुखणं पुरे."

"गॅस चालू राहिला तर?"

"बटण बघते. दोनदा." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तीनदा."

रोज चाळीस लोकांच्या तोंडाशी तोंड नेणाऱ्या माणसाला घरातलं एक नाक दिसलं नव्हतं.

"मग आता उद्याचं काय?" काकूंनीच विचारलं. "इतके दिवस मी अंदाजपंचे छान छान म्हणत होते. तुमची खुर्ची जायची माझ्यापायी." त्यांनी दोन्ही शर्टांच्या काखा चिमटीत धरून चोळल्या. मग पुन्हा चोळल्या. "हे बघा, चांदीचा धुतला तरी इथे बुळबुळीत लागतो. घामातलं तेल सोडलेलं नाही त्यानं, वर माझ्या सुगंधी औषधाचा थर. लोकरीचा कोरडा ठाक आहे. उद्या हा घाला. मी हाच आत्ता साध्या साबणानं पुन्हा धुते."

"नक्की?"

"नाकानं सांगत नाहीये मी आता. हातानं सांगतेय."

सोमवारी काका लोकर घालून पट्ट्यावर चालले, दोनला खाली आले आणि अंधाऱ्या खोलीत शिरले. मालकही मागोमाग आले, दार लावून खुर्चीत बसले.

"माझा नंबर काढा."

काका वाकले. मालकांनी दीर्घ श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. काकांनी चार भिंगं बदलली.

"ओल्या मेंढीचा," अखेर मालक म्हणाले. "किंचित."

"मग?"

"मेंढी चालेल," म्हणत मालक उठले आणि बाहेर जाऊन मेव्हण्याला फ्रेमांपाशी उभं केलं.

काकांनी घरी फोन लावला. "खुर्ची राहिली."

"सुटले बाई!"

"उद्या दुपारी मी व्यायामाला जात नाही. नाकाच्या डॉक्टरकडे जाऊ."

"आता कशाला? शर्ट तर मिळाला."

"शर्टासाठी नाही म्हणत मी."

पलीकडे नळ वाहत होता. मग तो बंद झाला.

"दीडला येते," काकू म्हणाल्या. "जिन्यापाशी थांबा."

काकांनी फोन ठेवला आणि बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.