आठ तिनांपुढचा एक

१९८७ साली कळव्याच्या शेवंती नाखवानं मे महिन्याची अख्खी सुट्टी आकडेमोडीत घालवली. ती ठाण्यातल्या एका शाळेत गणित शिकवायची. तिच्या लक्षात आलं होतं की ३१ ला, एक आणि ३१ सोडून, कशानंच भाग जात नाही. ३३१ लाही नाही, ३३३१ लाही नाही. पुढे एकेक तीन वाढवत गेलं तरी तेच. ३३३३३३३१ तपासायला तर साडेसातशेच्या वर भागाकार करावे लागले.

“बोंबील वाळत घाल बोललेले,” आई मनुबाई बाजारातून येऊन ओरडायची. “तुझा आपला वहीतच डोका!”

पुढचा आकडा नऊ अंकी होता, आणि शेवंतीच्या कॅल्क्युलेटरवर आठच अंक मावायचे. सात वेळा जमलं ते आठव्यांदा कशाला बिघडेल, म्हणून तिनं वही मिटली.

जूनमध्ये डोंबिवलीत गणित शिक्षकांची सभा भरली. शेवंतीनं फळ्यावर सगळी ओळ लिहिली, खाली ३३३३३३३३१ लिहिलं आणि ठासून म्हणाली, “कितीही तीन लावा, हा आकडा फुटणार नाही.”

दुसऱ्या रांगेत दिव्याच्या शाळेतले सहदेव म्हात्रे सर निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर काहीतरी खरडत होते. त्यांनी हात वर केला.

“बाई, या शेवटच्याला सतरानं भाग जातोय.”

“शक्य नाही.”

“करून बघा ना.”

तिनं फळ्यावरच भागाकार मांडला. बाकी शून्य. भागाकार आला १,९६,०७,८४३. मागून कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी लगेच पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

बाहेर पडताना म्हात्रे सरांनी तिला गाठलं. “राग नका मानू. दिसलं ते बोललो.”

“तुमच्यावर कशाला रागवू?” ती म्हणाली, आणि चहाला न थांबता निघाली.

पाचेक हजारांतला एखादा भाजक असता तर तिनं मनाची समजूत घातली असती. पण सतरा! कागदावर दोन मिनिटांचं काम. तेवढंही आपण केलं नाही, याची चीड तिला झोपू देईना.

“काय झाला गो?” मनुबाईनं सकाळी विचारलं.

“माझा आकडा फुटला.”

“मग दुसरा घे.”

शेवंतीला आईचा संताप आला, पण तिनं खरंच दुसरा घेतला: नऊ तीन आणि एक. या वेळी सगळे भागाकार हातानं केले. चौथ्या दिवशी ६७३ नं तोही फुटला. आनंद झालाच नाही. तिनं सभेच्या चिटणीसांना पत्र लिहिलं: माझं विधान चुकीचं आहे, अहवालातून काढून टाका. दोन्ही आकड्यांचे भाजकही सोबत दिले.

दिवाळीत छापील अहवाल घरी आला. पान अकरावर तिचं नाव होतं आणि खाली ठळक अक्षरांत, ‘कितीही तीन लावा, हा आकडा फुटणार नाही.’

तिनं पेन घेऊन ते वाक्य कागद फाटेस्तोवर खोडलं. बाकीच्या दोनशे प्रती तोवर घरोघरी पोचल्या होत्या.